चिठ्ठी टाकून ठरवलेलं औषध

'प्रयोग' हा शब्द आपल्या मराठी माणसाच्या मोठ्या जिव्हाळ्याचा. नाटकाचा शंभरावा प्रयोग, हाउसफुल्ल प्रयोग, असं आपण कौतुकानं बोलतो. पण हाच शब्द रुग्णालयाच्या बाकावर बसलेलं असताना कानावर पडला, की पोटात गोळा येतो. 'डॉक्टरसाहेब, म्हणजे आमच्या पोरावर प्रयोग करणार का तुम्ही?' रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलाचे वडील असं विचारतात तेव्हा त्यांच्या आवाजातली भीती लपत नाही. सोबत आलेली आजी त्याहून स्पष्ट बोलते, 'आमी गरीब हाय म्हनून व्हय?'

या दोन्ही प्रश्नांना एका वाक्यात उत्तर देता येत नाही. 'घाबरू नका, काही होत नाही' असं म्हणून कागदावर सही घेणं सोपं असतं, पण ते उत्तर नव्हे. आजचा वेळ मी या दोन प्रश्नांसाठीच राखून ठेवला आहे. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल, आणि गंमत अशी, की मागं जाताना आपल्याला आधी परळलाच उतरावं लागतं.

त्याआधी आजाराबद्दल चार शब्द. आपलं रक्त तयार होतं ते हाडांच्या पोकळीतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका, सगळा माल याच कारखान्यातून बाहेर पडतो. तिथं एखादी पांढरी पेशी बिघडली आणि स्वतःच्या बेसुमार प्रती काढू लागली, की ल्युकेमिया होतो. अशा पेशी लसिकाग्रंथींत वाढल्या तर लिम्फोमा. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी बहकल्या तर मायलोमा. यात गाठ कापून काढायची सोय नसते, कारण रक्त सगळीकडे असतं. म्हणून या आजारांत सर्जनपेक्षा औषधाला महत्त्व, आणि कर्करोगावरच्या औषधांचा इतिहास पाहिलात तर त्यातली पहिली महत्त्वाची पानं बरीचशी रक्ताच्या कर्करोगानंच लिहिलेली आहेत.

आता परळ. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तो काळ. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी एक विचित्र पंडुरोग होत असे. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी व्हायच्या, आणि ज्या उरायच्या त्या आकारानं नको तेवढ्या मोठ्या. कित्येक जणी त्यातच दगावत. विल्सबाई हाफकिन संस्थेत काम करत होत्या. या बायका काय खातात, कुठं राहतात, याची त्यांनी बारकाईनं पाहणी केली. जंतू शोधले, ते सापडले नाहीत. मग उंदरांना, पुढं माकडांना तसलाच निकस आहार देऊन पाहिला. माकडांना पंडुरोग झाला. मग त्यांना एक स्वस्त पदार्थ दिला, मार्माइट, म्हणजे बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टचा काळा, खारट गोळा. चवीचं म्हणाल तर तो ज्याला आवडतो त्यालाच आवडतो! पण माकडं सुधारली, आणि बायकाही सुधारल्या. १९३१ साली विल्सबाईंनी हे प्रसिद्ध केलं. यीस्टमध्ये असं काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला नुसतं 'विल्स फॅक्टर' म्हणत. दहा वर्षांनी, १९४१ साली, तो पदार्थ पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पानावरूनच त्याचं नाव पडलं, फॉलिक ॲसिड. आपल्याकडे गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात लोहाबरोबर जी गोळी मिळते, ती हीच.

पुढचा धागा एका तेलुगू माणसाच्या हाती आला. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे भीमावरमचे. अमेरिकेत लेडर्ली या औषध कंपनीत ते संशोधनाचे प्रमुख झाले, आणि त्यांच्या हाताखालच्या चमूनं १९४० च्या दशकाच्या मध्याला फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवलं. ते करता करता त्याच्यासारखेच दिसणारे पण नेमके उलटं काम करणारे काही रेणूही तयार झाले. कुलपात किल्लीसारखे जाऊन बसायचे, पण कुलूप उघडू द्यायचे नाहीत.

त्याच सुमारास बोस्टनच्या बालरुग्णालयात सिडनी फार्बर नावाचे विकृतिशास्त्रज्ञ तळघरात बसून ल्युकेमियानं गेलेल्या मुलांच्या शवपरीक्षा करत. त्या काळी तीव्र ल्युकेमिया म्हणजे काही आठवड्यांचा, फार तर काही महिन्यांचा मामला. फार्बरनी विचार केला, की फॉलिक ॲसिडनं पंडुरोगातली अस्थिमज्जा सुधारते, तर ल्युकेमियातलीही सुधारेल. त्यांनी मुलांना त्या जातीची संयुगं दिली. झालं उलटंच. रोग आणखी भडकला. आता इथं दुसरा कुणी असता तर वही मिटून स्वस्थ बसला असता. फार्बरनी मात्र त्यातून पुढचा प्रश्न काढला. हे जीवनसत्त्व त्या पेशींचं खाद्य असेल, तर ते तोडलं तर काय होईल? त्यांनी सुब्बारावांच्या चमूकडून ते उलटं काम करणारे रेणू मागवले. १९४७ च्या डिसेंबरात ॲमिनोप्टेरिन आलं. जून १९४८ मध्ये निकाल छापून आला, तो सोळा मुलांचा. त्यातल्या दहा मुलांना उतार पडला. उठून बसली, खाऊ लागली. काही महिन्यांनी रोग पुन्हा उलटला, आणि तेही फार्बरनी लपवून ठेवलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव न्यूयॉर्कमध्ये वारले. ॲमिनोप्टेरिनचं भावंड मेथोट्रेक्सेट आजही ल्युकेमियाच्या मुलांना दिलं जातं. परळमध्ये, विल्सबाई जिथं काम करत होत्या तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, टाटा रुग्णालयात, रोज.

ही गोष्ट मी जरा लांबवली, कारण पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. आज 'नेहमीचा उपचार' म्हणून जे औषध आपण निर्धास्तपणे घेतो, ते कधी तरी कुणावर तरी पहिल्यांदा वापरलेलं असतं. त्या सोळा मुलांवरही ते असंच वापरलं गेलं होतं. अर्थात त्या काळी आजच्यासारखे कायदे नव्हते, समित्या नव्हत्या. त्याबद्दल पुढं बोलूच.

एका औषधानं रोग दबतो आणि परत येतो, हे लक्षात आल्यावर औषधं एकत्र द्यायची कल्पना निघाली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत फ्राय आणि फ्रायराइश या दोघांनी चार औषधं एकदम दिली. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. मुलं औषधानंच मरतील, असं त्यांचेच सहकारी म्हणत. त्या चारांतलं एक आपल्या अंगणातलं आहे, व्हिन्क्रिस्टीन. ते सदाफुलीपासून काढतात. (सदाफुली मूळची मादागास्करची, आणि घरी पानं चावून ल्युकेमिया बरा होत नाही. हे सांगणं भाग आहे, कारण चावणारे भेटतात.) मुलं टिकली, पण मग रोग मेंदूच्या आवरणात लपून बसू लागला, कारण तिथं औषध पोहोचत नव्हतं. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनल्ड पिंकेल यांनी पाठीच्या मणक्यातून औषध आणि डोक्याला किरण, असा उपाय जोडला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस या आखणीनं निम्मी मुलं दीर्घकाळ जगू लागली. जिथं वीस वर्षांपूर्वी एकही जगत नव्हतं, तिथं निम्मी.

पण किरणांची किंमत होती. मुलांची वाढ खुंटायची, शाळेत मागं पडायची, पुढं मेंदूत गाठीही होत. मग प्रश्न बदलला. किरण न देताही मुलं वाचतील का? हे विचारायलाही चाचणीच हवी. त्याच रुग्णालयानं २००९ साली ४९८ मुलांचा निकाल छापला. एकाही मुलाच्या डोक्याला आरंभी किरण दिले नव्हते, आणि पाच वर्षांनी शंभरात त्र्याण्णव मुलं हयात होती. लोकांना वाटतं, संशोधन म्हणजे नेहमी आणखी जालीम औषध. पुष्कळदा ते असतं कमी औषध.

आपल्याकडे काय चाललं होतं? १९८४ च्या सुमाराला मुंबईचं टाटा रुग्णालय, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईची कर्करोग संस्था यांनी अमेरिकेतल्या इयन मॅग्रथ यांच्या मदतीनं मुलांच्या ल्युकेमियासाठी एकच आखणी वापरायचं ठरवलं. एमसीपी ८४१ हे तिचं नाव. तोवर प्रत्येक डॉक्टर आपापल्या पद्धतीनं औषधं देत असे, त्यामुळं कशानं काय होतं हे कळायला मार्ग नव्हता. पूर्वी पाचांतलं जेमतेम एक मूल वाचत असे. या आखणीनं ते प्रमाण दुपटीवर गेलं, कुठं त्याच्याही पुढं. हे सगळं कुठल्याही नव्या औषधाविना. औषधं तीच होती. बदलली ती शिस्त आणि वही.

त्या वहीतून दुसरीही एक गोष्ट दिसली, ती जास्त बोचरी. आपली मुलं नुसती कर्करोगानं मरत नव्हती. काही उपचार चालू असताना जंतुसंसर्गानं जात होती. आणि काही चक्क येणंच बंद होत होती. बिहारहून, मराठवाड्यातून, कोकणातून आलेलं कुटुंब, परळच्या फुटपाथवर मुक्काम, रोजगार बुडालेला, घरी दुसरी दोन मुलं. दोन महिन्यांत पोर हसू-खेळू लागलं की बाप म्हणतो, बरं झालं, चला गावाला. आणि अडीच-तीन वर्षांचा उपचार दोन महिन्यांवर सुटतो. ही औषधाची हार नव्हे. म्हणून २००६ साली मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था निघाली (मेम्फिसच्या रुग्णालयाची ती शाखा नव्हे). उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना ती राहायला जागा देते. माझ्या मते, डोक्यावर छप्पर हे ल्युकेमियावरच्या औषधांच्या यादीत लिहायला हरकत नाही.

अलीकडे भारतातल्या अनेक केंद्रांनी मिळून मुलांच्या ल्युकेमियावर एक मोठी चाचणी केली. तिच्यातला एक प्रश्न साधा होता. कमी धोक्याच्या मुलांना सुरुवातीला स्टिरॉइड पाच आठवडे द्यायचं, की तीन आठवड्यांत भागेल? परदेशातल्या पुस्तकात उत्तर मिळत नाही, कारण तिथल्या मुलांना आपल्या वॉर्डांतल्या संसर्गांशी झगडावं लागत नाही. आपले प्रश्न आपल्यालाच सोडवावे लागतात.

आता चिठ्ठीकडे येऊ. चाचणीतली सर्वांत खुपणारी गोष्ट हीच असते. निम्म्या रुग्णांना एक उपचार, निम्म्यांना दुसरा, आणि कुणाला कोणता हे डॉक्टर ठरवत नाही. चिठ्ठी टाकल्यासारखं संगणक ठरवतो. 'म्हणजे माझ्या मुलाचं नशीब लॉटरीवर?' असं एका बाईंनी मला विचारलं होतं. रास्त प्रश्न आहे. त्यावर मी एक खरी हकीकत सांगतो.

प्रौढांच्या तीव्र मायलॉइड ल्युकेमियावर 'मायलोटार्ग' नावाचं औषध निघालं. रोगट पेशी हुडकून तिच्या पोटात विष सोडणारं. कल्पना सुरेख. छोट्या चाचण्यांवर विसंबून अमेरिकेनं त्याला २००० साली परवानगी दिली, मात्र मोठी चाचणी करून दाखवा या अटीवर. मोठी चाचणी झाली, चिठ्ठ्या टाकून. निम्म्यांना नेहमीची औषधं, निम्म्यांना त्याबरोबर मायलोटार्ग. फायदा दिसला नाही. उलट पहिल्याच टप्प्यात नव्या औषधाच्या गटात शंभरांत जवळजवळ सहा जण दगावले, दुसऱ्या गटात दीड. २०१० साली कंपनीनं औषध मागं घेतलं. डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलं असतं, तर ते तरतरीत, तरुण रुग्णांना दिलं गेलं असतं, त्यांतले बरेचसे एरवीही जगलेच असते, आणि सगळ्यांनी 'काय छान औषध आहे' असं म्हटलं असतं. चिठ्ठी असते ती आमच्या या मोहाला आवर घालण्यासाठी. हकीकत इथं संपत नाही. पुढं हेच औषध कमी मात्रेत, विभागून देऊन पुन्हा चाचण्या झाल्या, त्यांत उपयोग दिसला, आणि २०१७ साली ते परत आलं.

चिठ्ठी टाकायची ती केव्हा? दोन उपचारांपैकी कोणता सरस हे खरोखरच ठाऊक नसतं, तेव्हाच. ठाऊक असेल तर चिठ्ठी टाकणं पाप आहे. आणि गुणकारी उपचार उपलब्ध असताना तो काढून घेऊन नुसती साखरेची गोळी देत नाहीत, ही भीतीही मनातून काढून टाका. नवं औषध सहसा जुन्याच्या जोडीला किंवा जुन्याच्या समोर उभं केलं जातं.

कधी कधी चिठ्ठीचा निकाल इतका एकतर्फी लागतो, की ती आपोआप मोडते. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाचं तसंच झालं. या रोगात बाविसाव्या गुणसूत्राचा आणि नवव्याचा एकेक तुकडा अदलाबदल होतो. तोकडं गुणसूत्र १९६० साली फिलाडेल्फियात दिसलं, आणि अदलाबदल जॅनेट राउली या बाईंनी १९७३ मध्ये ओळखली. त्यातून जन्मणारं सदोष प्रथिन हाच रोगाचा खटका. तो दाबून धरणारी गोळी, इमॅटिनिब, १९९८ साली ब्रायन ड्रूकर यांनी पहिल्यांदा रुग्णांना दिली. रोज ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक घेणाऱ्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचं रक्त ठिकाणावर आलं. असे आकडे कर्करोगाच्या धंद्यात कुणी पाहिले नव्हते. मे २००१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. त्यानंतरही १,१०६ रुग्णांची मोठी चाचणी चालू होती, गोळी एका बाजूला आणि इंटरफेरॉनची इंजेक्शनं दुसऱ्या. जुन्या उपचारानं गुण येत नसेल किंवा तो सोसत नसेल तर बाजू बदलायची मुभा होती. इंजेक्शनवाल्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश गोळीकडे आले. दहा वर्षांनी गोळीच्या गटातले शंभरात त्र्याऐंशी जण जिवंत होते. पूर्वी या रोगाचं निदान झालं की पाच-सहा वर्षांचा हिशेब करत.

गोळी आली, पण महिन्याचा खर्च लाखाच्या वर. भारतीय कंपन्या तीच गोळी आठ-दहा हजारांत देत होत्या. मूळ कंपनी नोव्हार्टिस आपल्या नव्या रूपातल्या गोळीचं पेटंट मागत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी हरली. जुन्याच औषधाचं रूप बदललं, पण गुण वाढल्याचं दाखवता आलं नाही तर नवं पेटंट नाही, असं आपला कायदा म्हणतो. आज खेड्यातला शिक्षक किंवा एसटीचा कंडक्टर ही गोळी घेऊन कामावर जातो, त्याच्यामागे पोर्टलंडची प्रयोगशाळा आहे आणि दिल्लीचं न्यायालयही आहे. संशोधनाचा आणि किमतीचा विचार वेगळा करता येत नाही, असं मला वाटतं.

स्वस्ताईवरून आठवलं. आपल्या जुन्या लोकांना सोमल माहीत होता, मारण्यासाठीही आणि औषधासाठीही. तीव्र ल्युकेमियाचा एक प्रकार असा आहे, की निदान होतानाच रुग्णाला मेंदूत रक्तस्राव होऊन तो जाऊ शकतो. शांघायच्या डॉक्टरांनी १९८८ साली 'अ' जीवनसत्त्वाच्या एका रूपानं अशा २४ रुग्णांचा रोग आटोक्यात आणला. चीनमधल्याच हार्बिनच्या डॉक्टरांनी सोमल शुद्ध करून शिरेतून दिला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं ही वाट उचलली, कारण केमोथेरपीचा आणि वॉर्डातल्या मुक्कामाचा खर्च त्यांच्या रुग्णांना झेपत नव्हता. नुसत्या सोमलावर ७२ नवे रुग्ण त्यांनी उपचारले आणि २००६ साली निकाल दिला. शंभरांत शह्याऐंशी जणांचा रोग आटोक्यात आला. पुढं इटली-जर्मनीच्या चाचणीनं २०१३ साली दाखवून दिलं, की कमी धोक्याच्या रुग्णांत सोमल आणि ते जीवनसत्त्व ही जोडी केमोथेरपीवाल्या उपचाराला मागं टाकते. गरिबीमुळं शोधलेली वाट श्रीमंतांनाही मानवली! मात्र हे मोजून-मापून, हृदयाचा आलेख काढत द्यायचं औषध आहे. सोमलाचं भस्म कुणी पुडीत बांधून दिलं तर घेऊ नका.

आता अगदी ताजं. २०१२ साली फिलाडेल्फियात सहा वर्षांच्या एका मुलीच्या स्वतःच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांत नवा जनुक घालून, त्या पुन्हा तिला देण्यात आल्या. जणू पोलिसाला गुन्हेगाराचा फोटो देऊन परत पाठवावं. तिचा ल्युकेमिया गेला. याला कार-टी पेशींचा उपचार म्हणतात. २०१७ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली आणि किंमत लागली पावणेपाच लाख डॉलर. आपल्या हिशेबानं काही कोटी. मग पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार आणि त्यांचे सहकारी, आणि टाटा रुग्णालयाचे डॉक्टर, यांनी मिळून इथंच अशा पेशी बनवल्या. जून २०२१ मध्ये खारघरच्या टाटा केंद्रात पहिला रुग्ण घेतला. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार १९' ला भारतात परवानगी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं. ६४ रुग्णांच्या चाचणीचा निकाल २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या रक्तविकारविषयक नियतकालिकात आला. ज्यांची तपासणी करता आली, त्यांतल्या ७३ टक्के रुग्णांना गुण आला. हे सगळे असे रुग्ण, की ज्यांच्यापुढं दुसरा उपाय जवळपास उरला नव्हता. पण त्यातल्या काहींचा रोग परत आला, हेही सांगितलं पाहिजे. सुरुवातीला खर्च परदेशाच्या सुमारे दहावा हिस्सा होता, म्हणजे चाळीस लाखांच्या आसपास. कौतुक करावं तितकं थोडं, आणि तरीही हा आकडा ऐकून वर्ध्याचा शेतकरी उठून जाईल.

विदर्भाचं नाव आलं म्हणून सिकलसेलबद्दल एवढंच, की तो कर्करोग नव्हे, पण त्यावरचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध कर्करोगाच्याच कपाटातलं. १९९५ साली २९९ रुग्णांच्या चाचणीत त्यानं जीवघेण्या वेदनांचे झटके वर्षाला साडेचारांवरून अडीचांवर आणले. गडचिरोली-नंदुरबारच्या मुलांना हे औषध मिळतं ते त्या चाचणीच्या पुण्याईवर.

राहिला आजीचा प्रश्न. 'आमी गरीब हाय म्हनून व्हय?' हा संशय वाऱ्यावर उभा नाही. आपल्या देशात रुग्णांना न सांगता, न समजावता औषधं तपासल्याच्या तक्रारी झाल्या, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं सरकारवर कडक ताशेरे ओढले. त्यानंतर नियम बदलले. २०१९ च्या नव्या नियमांप्रमाणं चाचणीमुळं इजा झाली तर उपचार मोफत द्यावे लागतात, आणि मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर भरपाई. प्रत्येक चाचणी भारताच्या सार्वजनिक नोंदवहीत आधी नोंदवावी लागते. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, २००९ पासून औषधांच्या चाचण्यांना सक्तीची झाली, आणि ती घरबसल्या इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. नीतिसमितीत डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारा आणि सामान्य नागरिकही बसतो. संमतीपत्र मराठीत मिळालं पाहिजे, आणि सात वर्षांपुढच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचंही मत विचारलं पाहिजे. नियम कागदावर चांगले आहेत. ते वॉर्डात उतरतात की नाही, हे मात्र विचारणाऱ्यावर अवलंबून असतं.

म्हणून विचारा. ही चाचणी कितव्या टप्प्याची आहे? पहिल्या टप्प्यात मुख्यतः मात्रा किती सोसते एवढंच पाहतात, तिथं बरं होण्याची आशा मोठी धरू नये. तिसऱ्या टप्प्यात नव्याची जुन्याशी तुलना असते. चाचणीत आलो नाही तर मला कोणता उपचार मिळेल? औषध मोफत आहे, पण तपासण्या, प्रवास, राहणं कोणाच्या खर्चानं? रात्री दोनला ताप चढला तर फोन कुणाला करायचा? कागद घरी नेता येईल का? शेवटच्या प्रश्नाला कुणी 'नाही' म्हणालं, तर सही करू नका. जाणत्या माणसाला, गावातल्या मास्तरांना, फॅमिली डॉक्टरांना तो वाचायला द्या. 'आता नको' म्हणालात म्हणून नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. आणि 'हो' म्हटल्यावर सहा महिन्यांनी मन बदललं, तर त्या दिवशीही बाहेर पडता येतं, आणि का ते सांगावं लागत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)